दिंडीला वाटेत एक अख्खा दिवस बसू द्या

मा. संपादक साहेब,
रामकृष्ण हरी.

मी खानापूर तालुक्यातली. खानापुरात माझं शिवणाचं लहानसं दुकान आहे, ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म असं काम चालतं. गेली ९ वर्षं आमच्या गावच्या दिंडीतनं माघी वारीला पायी पंढरपूरला जाते. तुमचा पेपर आमच्या दुकानात रोज येतो आणि वाचकांची पत्रं मी आधी वाचते, पण स्वतः कधी लिहिलं नव्हतं. आता लिहायचं कारण म्हणजे येत्या वारीची बैठक थोड्या दिवसांत बसणार, मुक्कामाचं पत्रक छापायला जाणार, आणि एकदा पत्रक छापून आलं की त्यात कुणी बदल करत नाही. आमच्याच नाही, खानापूर, बेळगाव, चंदगड भागातल्या बहुतेक लहान दिंड्यांचं असंच असतं. म्हणून छापायच्या आधीच सांगते. पायी वारीत एक दिवस कुठंतरी मोठ्या गावात पूर्ण थांबा. म्हणजे दोन रात्री एकाच ठिकाणी, आणि मधल्या दिवशी चाल शून्य. आणि ज्या गावात दिंडी थांबणार त्या गावातल्या लोकांनी त्याला जागा करून द्यावी, हे दुसरं मागणं.

आमच्याकडं माघी का, हे घाटावरच्या बाकीच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. आषाढीच्या वेळी खानापूर पट्ट्यात पाऊस असा कोसळत असतो की घरातनं गोठ्यात जायचं तरी डोक्यावर इरलं लागतं, रोपलावण तोंडावर असते. कार्तिकीला भात कापणीला आलेलं. माघात मात्र मळणी उरकलेली असते, भात घरात आलेलं असतं, मग माणूस मोकळ्या मनानं टाळ घेतो. पहाटे थंडी, दुपारी मिरजेच्या पुढं ऊन. वाट आमची अशी, पहिल्या दिवशी संध्याकाळी बेळगाव, दुसऱ्या दिवशी काकती, वंटमुरी घाट करत हत्तरगीच्या आसपास, तिसरा संकेश्वर, चौथा चिकोडी, मग अंकली-मांजरीला कृष्णा ओलांडून कागवाड, म्हैसाळ, मिरज, आणि तिथनं कवठे महांकाळ, सांगोला धरून पंढरपूर. पावणेतीनशे किलोमीटरच्या वर जातं सगळं. माघ शुद्ध दशमीला पोचायचंच, त्यात मागंपुढं होत नाही. आम्ही हे ११ दिवसांत करायचो, एकही दिवस न थांबता.

आता रोजचे २५-२६ किलोमीटर म्हणजे किती हो, गाडीवर बसलं तर अर्धा तास. पण पायी ती ३५-४० हजार पावलं होतात. प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार त्याच टाचेवर, त्याच बोटांवर येतो, आणि डांबरी रस्ता मातीसारखा दबत नाही. त्यातनं संकेश्वरपर्यंत आमची बरीचशी वाट हायवेच्या कडेनं. शेतात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायका पण तिसऱ्या दिवशी लंगडायला लागतात, कारण शेतातलं चालणं वेगळं आणि हे वेगळं. पहिल्या दिवशी काही कळत नाही, सगळे जोरात असतात, अभंगाला आवाज चढलेला असतो. दुसऱ्या दिवशी घाटात नडगी दुखायला लागते. तिसऱ्या दिवशी टाचेला, करंगळीला फोड. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की पाय सुजून चपलेचा पट्टा रुतलेला असतो आणि हरिपाठाला बसलं की उठताना शेजारणीचा खांदा धरावा लागतो. असं असताना पाचव्या दिवशी पहाटे ४ वाजता काकडा करून परत चालायला लागायचं. अंगाला भरून यायला वेळच मिळत नाही. रात्रीच्या ५-६ तासांत सूज पूर्ण उतरत नाही, कालची शिल्लक राहते त्यात आजची पडते. रोजची थोडी थोडी उधारी चढत जाते तसं.

हे मी ऐकीव सांगत नाही. ४ वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत माझे चुलत सासरे होते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, ६८ वय, शुगर होती पण माणूस काटक. त्यांच्या तळपायाला फोड आला तो कुणाला कळलाच नाही, त्यांनाही नाही. शुगर जुनी असली की पायाची जाणीव कमी होते, दुखतच नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. रोज रात्री उशिरा पोचणार, पंगत, भजन, झोप, पहाटे अंधारात उठून चाल, कुणी कुणाचा पाय उजेडात बघितलाच नाही ११ दिवस. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पाय धुताना मोज्याला पू लागलेला दिसला. घरी आल्यावर १९ दिवस दवाखान्यात काढले आणि उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. तात्या म्हणाले, पांडुरंगाला एक बोट दिलं, त्यात काय. त्यांची भक्ती मोठी आहे, पण मला ते बोलणं अजून सहन होत नाही. पांडुरंगानं बोट मागितलं नव्हतं. आम्ही एक दिवस थांबलो असतो, दुपारच्या उजेडात सगळ्यांनी एकमेकांचे पाय बघितले असते, तर फोड फोडाएवढाच राहिला असता. चूक आमच्या दिंडीची होती, त्यात मी पण आले.

त्याच्या पुढच्या वर्षी काय झालं ते सांगते. चिकोडीत आम्ही चौथ्या दिवशी रात्री पोचलो आणि सामानाचा टेम्पो पोचलाच नाही. मागं कुठंतरी एक्सल गेलेला. अंथरूण, भांडी, तांदूळ, शेगडी सगळं त्यात. ज्या देवळात उतरलो होतो तिथल्या लोकांनी रात्री भाकरी आणि झुणका आणून दिला, सतरंज्या दिल्या, आणि टेम्पो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुरुस्त होत नाही म्हटल्यावर थांबण्याशिवाय काही मार्गच नव्हता. आमचे विणेकरी बुवा तर रात्रभर अस्वस्थ, एक दिवस वाया गेला, दशमी चुकणार असं सारखं म्हणत होते.

पण तो दिवस कसा गेला ते ऐका. काकडा नेहमीसारखा झाला आणि मग कुणाला कुठं जायचं नव्हतं. निम्मी माणसं परत आडवी झाली आणि ९ वाजेपर्यंत झोपली, देवळाच्या ओवरीत उन्हाचा पट्टा सरकत सरकत त्यांच्या पायावर आला तरी उठली नाहीत. मी उठून बाहेर आले तर पलीकडच्या घरातली एक कन्नड बोलणारी मावशी दारात उभी, माझं चालणं बघून "बर्री, कुंदर्री" म्हणून हाताला धरून पायरीवर बसवली. पाठोपाठ गरम पाण्याची बादली आणि मीठ. मला कन्नड येतं तोडकंमोडकं, त्यांना मराठी तेवढंच, पण पाय पाण्यात बुडवल्यावर बोलायची गरजच राहिली नाही. त्या दिवशी आमच्यातल्या १४ बायकांनी त्यांच्या परड्यात पाय शेकले. तीन वेळा बंब पेटवला त्यांनी. सीमाभागात भाषेवरनं काय काय चालतं ते तुमच्या पेपरात रोजच येतं, मी त्यात पडत नाही, पण वारकऱ्याचा सुजलेला पाय कुठल्याही भाषेतल्या बाईला कळतो हे मी डोळ्यानं बघितलंय.

मग कपडे. ४ दिवसांचे घामाचे कपडे आणि अंथरुणाची धूळ. रोज रात्री धुऊन सकाळी दमट अंगावर चढवायचे, त्यानं मांड्या घासतात, काखेत पुरळ उठतं, खाज सुटते, हे बायका कुणाला सांगत नाहीत. त्या दिवशी नळावर सगळं स्वच्छ धुतलं आणि देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत दोरी बांधून कडकडीत उन्हात वाळवलं. वाळलेला कोरडा परकर नेसण्यात काय सुख असतं हे चार दिवस चाललेल्या बाईलाच विचारा. पुरुष मंडळी बाजारात गेली, दाढ्या केल्या, चपला चांभाराकडनं टाके मारून शिवून आणल्या. एकानं नवीन बूट घेतले होते वारीसाठी म्हणून, ते त्यानं पिशवीत टाकले आणि जुनी मऊ चप्पल शिवून घेतली, आणि त्या चपलेवर तो पंढरपूरपर्यंत आरामात चालला. मेडिकलमधनं कापूस, पट्ट्या, बेटाडीन, ओआरएसची पाकिटं आली. कुणी मिरची भजी आणि चुरमुरे आणले. मी पिशवीतनं सुईदोरा काढला आणि बसल्या बसल्या पताकेची उसवलेली शिवण, दोन पडश्यांचे बंद, आणि एका आजीच्या चोळीची बाही शिवून टाकली.

दुपारी ३ च्या सुमाराला मीच आवाज दिला, सगळ्यांनी पाय दाखवा. आधी लाजले लोक. मग एकेक जण पाय पुढं करायला लागला आणि काय काय निघालं, ४२ माणसांत २७ जणांना फोड, दोघांची नखं काळी पडलेली, एकाचा घोटा सुजून दुप्पट झालेला आणि तो बाबा कुणाला बोललेला नाही कारण दिंडीतनं परत पाठवतील ही भीती. तात्यांचं बोट सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं त्यामुळं कुणी चेष्टा केली नाही. जवळच्या एका डॉक्टरांना बोलावलं, ते आले आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी सांगितलेलं मी वहीत लिहून ठेवलंय. लहान फोड असला तर फोडायचाच नाही, वर मऊ पट्टी लावून सोडायचा. मोठा, टम्म फुगलेला असेल तर स्वच्छ सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढायचं पण वरची कातडी ओढून काढायची नाही, तीच आतल्या जखमेचं पांघरूण. शुगरवाल्यांनी मात्र सुई लावायची नाही, थेट डॉक्टरकडं. फोड येतो तो घासण्यानं आणि ओलसरपणानं, म्हणून मोजे रोज कोरडे पाहिजेत. आणि पाणी नुसतं ढसाढसा प्यायचं नाही, घामातनं मीठ जातं ते परत द्यायला पाहिजे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोटा सुजलेल्या बाबांना पुढचे ३ दिवस टेम्पोत बसवायचं ठरलं आणि ते दशमीच्या आधीच परत चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा दिंडीच वेगळी होती. बुवांनीच पुढं म्हटलं की सहाव्या दिवशी माणसं पहिल्या दिवसासारखी चालली. एक दिवस गेला होता तो आम्ही पुढच्या ६ दिवसांत रोज चार-साडेचार किलोमीटर जास्त चालून भरून काढला आणि दशमीला दुपारी पंढरपुरात होतो. त्यासाठी कुणाला पळावं लागलं नाही. एरवी मागं रेंगाळणाऱ्यांसाठी थांबण्यात दिवसाचा तास-दीड तास जायचाच, तो वाचला.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी मला खटकली आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. विसावा आहे म्हणताना पुरुष झोपले, गप्पा मारत बसले, बाजार फिरले. बायकांनी मात्र सकाळी सगळ्यांचे कपडे धुतले, नवऱ्याचे, सासऱ्याचे, कधी कधी शेजारच्या विधुर काकांचेही, आणि दुपारी गावातनं मागून आणलेल्या भांड्यांत ४२ जणांचा स्वयंपाक. म्हणजे चाल शून्य झाली, काम शून्य झालं नाही. चुलीपुढं उकिडवं बसून भाकऱ्या थापल्या तर गुडघ्याला कसला विसावा मिळणार. पुढच्या वर्षी आम्ही बायकांनी बैठकीत हे सरळ मांडलं. थोडी कुरबूर झाली. मग ठरलं की विसाव्याच्या दिवशी आपली चूल पेटवायचीच नाही, दोन्ही वेळचं जेवण खानावळीतनं घ्यायचं किंवा कुणी अन्नदान करत असेल तर त्यांच्याकडं, आणि आपले कपडे ज्यानं त्यानं धुवायचे. वर्गणी माणशी १५० रुपयांनी वाढली. कुणी नाही म्हटलं नाही. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या, त्यांनी त्या दिवशी दुपारी २ तास झोप काढली आणि उठून म्हणाल्या, लगीन झाल्यापासनं वारीत दुपारी पहिल्यांदा झोपले ग. असं ऐकल्यावर मला १५० रुपये जास्त वाटत नाहीत.

आता विरोध करणारे काय म्हणतात ते पण मला ठाऊक आहे कारण ते माझ्याच दिंडीत आहेत. म्हणतात, वारी म्हणजे कष्ट, आराम करायचा तर घरीच बसा. विठ्ठल तिकडं वाट बघतोय आणि तुम्ही बाजारात भजी खाता. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे की मोठ्या पालख्यांकडं बघा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते ती पुण्यात दोन रात्री थांबते. मग पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाते, सगळ्या वाटेवरची ती अवघड चाल, आणि सासवडला पुन्हा दोन रात्री मुक्काम. ज्यांनी हे मुक्काम बांधले त्यांना माणसाचं अंग कळत होतं, घाट चढून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बसू द्यायचं. मग आम्ही वंटमुरी घाट ओलांडून, हायवे तुडवून येतो तर आम्हाला बसायला कुणाची हरकत असावी? परंपरा म्हणायची तर विसावा हीच परंपरा आहे, न थांबता पळवणं ही आपण लहान दिंड्यांनी रजा आणि खर्च वाचवायला काढलेली नवी रीत.

आणि लांब कशाला जायचं, आमच्याच वाटेवरचं अंकली बघा. माउलींच्या पालखीपुढं जे अश्व चालतात, रिंगणात ज्यांची टाप पडली की लाखो माणसं माती कपाळाला लावतात, ते अश्व ह्या अंकलीचे, शितोळे सरकारांच्या वाड्यातले. हैबतबाबांनी हा सोहळा उभा केला त्या काळापासनं हा मान बेळगाव जिल्ह्यातल्या ह्या गावाकडं आहे. दर वर्षी आषाढी वारीच्या आधी ते अंकलीहून पायी आळंदीला जातात, ३०० किलोमीटरच्या आसपास वाट, दहा-अकरा दिवस, गावोगावी मुक्काम करत. ट्रकात घालून एका रात्रीत नेता आले असते, नेत नाहीत, चालवतच नेतात. पण चालवतात म्हणजे दमवत नाहीत. घोडा जपत जपत न्यायचा हे ज्या जिल्ह्याला कळतं त्या जिल्ह्यातल्या दिंडीला माणूस जपत न्यायचं जड जाऊ नये. मी दर वर्षी अंकलीतनं जाताना वाड्याच्या दिशेनं हात जोडते.

माझा भाचा बेंगळुरूला कंपनीत आहे, त्याला डोंगर चढायचा नाद. त्याला मी चिकोडीचं सांगितलं तर तो म्हणाला, आत्ती, ह्याला तिकडं अमेरिकेत झिरो म्हणतात. तिकडं अ‍ॅपलाचियन ट्रेल म्हणून जंगलातनं जाणारी एक पायवाट आहे, जॉर्जियापासनं मेनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर, लोक पाठीवर बोजा घेऊन पाच-सहा महिने चालतात. मधेच रस्ता लागला की खाली गावात उतरायचं, एक दिवस राहायचं, आंघोळ, कपडे, पोटभर जेवण, पुढचा शिधा भरायचा, पोस्टात घरचं पार्सल आलेलं असतं ते घ्यायचं. त्या दिवशी किलोमीटर शून्य म्हणून झिरो. थोडंसंच चालून दुपारी गावात पोचलं तर त्याला नीरो, म्हणजे झिरोच्या जवळचा. वाटेवरच्या कित्येक लहान गावांचा तर त्या चालणाऱ्यांवर धंदा चालतो, गावं त्यांच्यासाठी हॉस्टेल काढतात, उतरून घ्यायला गाडी पाठवतात. आणि युरोपात स्पेनमध्ये ख्रिश्चन लोकांची सांतियागोची वारी आहे, फ्रान्सच्या हद्दीतनं निघालं तर ८०० किलोमीटरच्या जवळपास, तिथं यात्रेकरूंसाठी स्वस्त धर्मशाळा वाटेवर जागोजाग आहेत, पण त्यातल्या बहुतेक ठिकाणी एकच रात्र राहू देतात, आजारी असलं तर गोष्ट वेगळी, विसावा घ्यायचा तर दुसऱ्या रात्री हॉटेल शोधा. हे ऐकून मला आमचीच अडचण आठवली, कारण खरी गोम दुसऱ्या रात्रीची आहे.

एक रात्र कोण पण देतो. शाळा, देऊळ, कुणाचं गोडाऊन, लग्नाचं कार्यालय. वारकरी म्हटलं की लोक नाही म्हणत नाहीत, आमच्या भागात तर मुळीच नाही. पण सकाळी ७ ला शाळा भरायची असते, कार्यालयात लग्न असतं, माघात मुहूर्त असतातच. गेल्या वर्षी एका गावात, नाव घेत नाही, आम्ही दोन रात्रींचं आधी फोनवर बोलून ठेवलं होतं आणि सकाळी १० वाजता जागा रिकामी करा म्हणून निरोप आला, दुसरं बुकिंग आलं होतं. ४० माणसं, भिजवलेले कपडे तसेच बादलीत, तापानं फणफणलेली एक पोरगी, असं सगळं घेऊन रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसलो दुपारपर्यंत. तिथं बायकांना आडोशाला जायला जागा नाही. शेवटी पाणी पिणंच बंद केलं बायकांनी, जायला नको म्हणून. उन्हात चालणाऱ्या बाईनं पाणी तोडणं किती धोक्याचं आहे हे सांगायला नको. ज्या बाईची पाळी आलेली असते तिचं काय होत असेल ते मी पेपरात लिहिते आहे, कारण बैठकीत कुणी बोलू देत नाही.

म्हणून चिकोडी, संकेश्वर, निपाणी, अथणी, कागवाड, तिकडं मिरज, कवठे महांकाळ, सांगोला ह्या वाटेवरच्या आणि आसपासच्या मोठ्या गावांतल्या मंडळांना, देवस्थानांना, वाचनालयांना, व्यापाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जेवण तुम्ही देताच, चहा-बिस्किटं देताच, केळी वाटता, काही ठिकाणी तर आम्ही एकाच सकाळी चार वेळा पोहे खातो. ते कमी केलं तरी चालेल. त्याऐवजी एक हॉल द्या जो दोन रात्री आमच्याकडनं कुणी काढून घेणार नाही. बायकांसाठी दाराला आतनं कडी असलेलं न्हाणीघर आणि संडास, जास्त नको, ४० माणसांना ३-४ पुरे. नळ, आणि कपडे वाळत घालायला ऊन येईल अशी मोकळी जागा. गरम पाण्याचा एक बंब. आणि दुपारी तासभर एखादा डॉक्टर किंवा नर्सताई पाय बघायला. एवढ्यावर आम्ही पंढरपूरपर्यंत नीट जातो. भाडं घ्या, आम्ही देऊ, फुकट पाहिजेच असं नाही, फक्त शब्द पाळा.

दिंडीवाल्यांना माझं सांगणं, विसावा पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवू नका. बेळगावला ठेवून उपयोग नाही, तिथं प्रत्येकाचा कोण ना कोण पाहुणा आहे, शहापूर, वडगाव, अनगोळ, माणसं भेटीगाठी करत दिवसभर फिरतात आणि चालण्यापेक्षा जास्त दमून येतात. शिवाय अंगाला अजून काही झालेलंच नसतं. चौथ्या मुक्कामावर ठेवा, फोड बाहेर आलेले असतात, सूज दिसते, कोण पुढं चालू शकेल आणि कुणाला टेम्पोत बसवायचं ते उजेडात ठरवता येतं. आणि तो कृष्णा ओलांडायच्या आधी पाहिजे, कारण मिरजेच्या पुढं सांगोल्यापर्यंत सावली कमी, ऊन जास्त, गावं लांब लांब, तिथं दमलेली दिंडी सांभाळणं जड जातं. आणखी एक, विसाव्याच्या दिवशी कीर्तन जरूर ठेवा, संध्याकाळी ठेवा, पण दिवसभर कार्यक्रम भरू नका. एका वर्षी आमच्याच लोकांनी विसावा म्हणून थांबलो आणि नगर प्रदक्षिणा काढली गावातनं दीड तास टाळ-मृदंगासह. गावाला आनंद झाला हे खरं. पण फोड आलेल्या माणसाला त्या दिवशी परत ५ किलोमीटर चालवलं की नाही?

घरून एक दिवस आधी निघायला लागेल, नोकरीवाल्यांची एक रजा जास्त जाईल, हे मान्य आहे. ज्यांना ती मिळत नाही त्यांनी बसनं येऊन चौथ्या मुक्कामावर दिंडीला मिळावं, चिकोडीला बेळगावहून बस आहेत. कुणी कमी वारकरी ठरत नाही त्यानं.

तात्या ह्या वर्षी परत यायचं म्हणतायत. चालायला जमणार नाही सगळी वाट, पण चिकोडीपर्यंत टेम्पोत बसून येतो, विसाव्याच्या दिवशी सगळ्यांचे पाय बघायला बसतो आणि तिथनं तुमच्याबरोबर जमेल तेवढं चालतो म्हणाले. मी त्यांच्यासाठी पुढनं उघडं, तळाला दुहेरी फोम घातलेलं पायताण शिवून घेतेय आमच्या इथल्या चांभारमामांकडनं, वरचं कापड माझ्या दुकानातलं.

आमच्या दिंडीचा चौथा मुक्काम ह्याही वर्षी चिकोडीलाच ठरवावा असं मी बैठकीत मांडणार आहे. जागा अजून मिळालेली नाही. हे पत्र जमलं तर तुमच्या चिकोडी-निपाणीकडच्या पानावर पण छापा, कारण ज्यांच्याकडं हॉल आहे ते वाचक तिकडचे आहेत.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक माघी वारकरी